वरच्या टोकाची गुल्ली

“आक्काच्या हातची गुल्ली खाली? मी तर न्हाई मानत.”

शिवणाच्या खोलीतून हे वाक्य माझ्या टेबलापर्यंत आलं. बोलणाऱ्या बाईंनी मशीन थांबवलं नव्हतं, तरी मला ते नीट ऐकू आलं. अशी बाजूने, दुसऱ्या कोणासाठी बोललेली वाक्यं मला नेहमीच नीट ऐकू येतात. थेट माझ्याशी कोणी बोललं की मात्र माझी गडबड होते.

व्यवस्थापकांच्या टेबलावर अहमदपूरकडच्या एका शाळेने परत पाठवलेला तिरंगा उघडून ठेवला होता. तीन बाय दोन फुटांचा, शाळांसाठी करतो तो. त्याची लाकडी गुल्ली खरोखरच हिरव्या टोकाला होती.

नांदेडला खादीचे झेंडे शिवणाऱ्या या केंद्रात नोकरीला लागून मला तेव्हा सात महिने झाले होते. घर लातूरला. शाळा इंग्रजी माध्यमाची, मग बी.कॉम., आणि बाहेरच्या राज्यांतून इंग्रजीत येणाऱ्या मेलना उत्तरं द्यायला कोणीतरी हवं होतं म्हणून मला घेतलं. ते काम मला आवडायचं, कारण त्यात कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण जुलैपासून झेंड्यांची मागणी वाढली आणि दुपारनंतर मला तयार झेंडे तपासायलाही बसवू लागले.

गुल्लीचं आधी सांगते, कारण मलाही इथे येईपर्यंत ती माहीत नव्हती. झेंड्याच्या काठीकडच्या कडेला पांढऱ्या जाड कापडाची पट्टी शिवतात. त्या पट्टीतून दोरी ओवतात, आणि दोरीच्या वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी लाकडी गुल्ली बांधलेली असते. खांबाच्या दोरीला फास असतो, त्यात ती आडवी अडकवायची. रस्त्यावर मिळणाऱ्या चकचकीत झेंड्यांना ती नसते. ज्यांना रोजची सवय आहे ते शिपाई किंवा ग्रामपंचायतीचे सेवक झेंडा बांधताना रंग बघतही नाहीत. हाताला गुल्ली लागली की ते टोक वर. शिवाय आमच्याकडे बहुतेक शाळांत झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या घालून तो आधीच वर बांधून ठेवतात, आणि पाहुण्यांनी दोरी ओढली की तो उघडतो. म्हणजे गुल्ली चुकीच्या टोकाला असेल तर ते कळणार दोरी ओढल्यावरच, अख्ख्या गावासमोर.

अहमदपूरच्या शाळेत ते चित्रकलेच्या तासाला कळलं. सरांनी मुलांना बघून काढायला म्हणून नवा झेंडा गुल्लीने फळ्याच्या खिळ्याला लावला आणि ते हजेरी घ्यायला वळले. हजेरी होईपर्यंत अर्ध्या वर्गाने हिरवा रंग वर देऊन टाकला होता. एका मुलीने सांगितलं, “सर, हे उलटं हाय.” सरांनी झेंडा घाईने उतरवला. हेडमास्तरांनी फार सभ्य चिठ्ठी लिहिली होती. चिठ्ठी वाचून व्यवस्थापकांना हसू आवरेना, आणि मग ते एकदम हसायचे थांबले, कारण आक्का दारात उभ्या होत्या.

आक्का म्हणजे आमच्या दोरी ओवणाऱ्या बाई. मूळच्या उदगीरच्या. झेंड्याचं कापड तिकडे विणलं जातं, त्यांच्या आईने आयुष्यभर त्यासाठी सूत कातलं, आणि लग्न होऊन नांदेडला आल्यावर आक्का त्याच कापडाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. तीस वर्षं त्या हे काम करत होत्या. इतर बायका पट्टे जोडायच्या, कडा दुमडून शिवायच्या. पट्टी, दोरी आणि गुल्ली आक्कांची. त्यांच्या हातचा एकही झेंडा कधी परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मलाही सांगितली होती.

त्यांनी टेबलावरचा झेंडा उचलला, पट्टीवरून अंगठा फिरवला.

“माझाच हाय,” त्या म्हणाल्या. “टाके माझे हायत.”

मग त्यांनीच कारण सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी एक दिवस खोलीत रंगारी आला होता. भिंत रंगवायची म्हणून त्यांचं टेबल फिरवलं होतं. तीस वर्षं झेंडा त्यांच्याकडे उजवीकडून सरकत यायचा, त्या दिवशी तो डावीकडून यायला लागला. हाताला सवय केशरी टोक आपल्यापासून लांब असण्याची, आणि त्या दिवशी लांबचं टोक हिरवं होतं. दुपारी त्यांच्या लक्षात आलं. पाच झेंडे त्यांनी उसवून नीट केले. पाचच होते असं त्यांना वाटलं.

“एक राहिला,” व्यवस्थापक म्हणाले. “होतं आक्का. एकाने काय होतंय.”

“एकच राहिला असंल तर बरं,” आक्का म्हणाल्या. “अजून एक निघाला, तर मी दोरीला हात लावणार न्हाई. डोळ्यानं न बघता काम करायचं वय गेलं म्हणायचं अन् घरी बसायचं.”

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं हे सांगावं तसं बोलल्या, आणि म्हणूनच खोलीतल्या सगळ्यांनी ते खरं मानलं. मशीनं एकेक करून थांबली.

मी माझ्या जागेवर बसले होते आणि माझे कान गरम झाले होते. कारण तपासणारी मी होते.

तपासायची रीत अशी: भिंतीत एक खिळा आहे, त्याला प्रत्येक झेंडा गुल्लीने लावायचा आणि केशरी वर आहे ना ते बघायचं. मग खिडकीच्या उजेडात धरायचा. चक्र दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, उजेडात दोन्ही चक्रं एकावर एक तंतोतंत बसलेली दिसायला हवीत. नंतर घडी, अशी की शेवटी चक्र वर येतं आणि त्याच्या कडेने दोन रंग जरा जरा दिसतात. हे सगळं मी प्रत्येक झेंड्याचं करायचे. फक्त आक्का खोलीत असल्या की माझ्याच्याने होत नसे. त्या समोर बसलेल्या, तीस वर्षांच्या, आणि मी सात महिन्यांची मुलगी त्यांचा झेंडा खिळ्याला लावून मान तिरकी करून बघणार? मला लाज वाटायची. मी वरच्या वर घडी सारखी करायचे, पट्टीवर त्या दिवसाचा शिक्का मारायचे आणि पुढे सरकवायचे. रंगाऱ्याने त्या दिवशी खिळा काढून ठेवला होता हे खरं आहे, पण खिळा असता तरी मी लावला नसता. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आक्का आपल्या डोळ्यांना दोष देत होत्या आणि मी स्क्रीनकडे बघत एका मेलचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होते.

शिक्क्यामुळे एक बरं झालं. त्या दिवशी सव्वीस झेंडे झाले होते. नऊ अजून आमच्या कपाटात होते. ते आक्कांनी स्वतः उघडून पाहिले, नऊही नीट निघाले. एक परत आलेला. उरलेले सोळा बाहेर गेले होते, काही आमच्या दुकानातून, काही लातूरच्या, आणि कोणाकडे कोणता गेला ते फोन नंबरासकट लिहिलेलं होतं. सतरा सप्टेंबरला सहा दिवस होते.

मराठवाड्यात हा एक दिवस जास्तीचा असतो. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो, मोकळे झालो ते तेरा महिन्यांनी, सतरा सप्टेंबरला. म्हणून ऑगस्टच्या पावसात भिजून ज्यांच्या झेंड्याचा रंग उतरतो, कड उसवते, ते लोक सप्टेंबरच्या आधी नवा न्यायला येतात. आमच्या शाळेत या दिवशी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असायचा आणि मग सुट्टी. मी रांगेत शेवटी उभी राहायचे, म्हणजे आधी बाहेर पडता येई. झेंडा शिवतं कोण, हे मला कधी मनातही आलं नव्हतं.

“सोळा फोन करायचे,” व्यवस्थापक म्हणाले. “मॅडम करतील.”

शिवणाच्या खोलीत कोणीतरी हळूच म्हणालं, “मॅडम? फोन वाजला की त्या फायली शोधायला आत जातात.” खरं होतं ते. मी हसले, कारण दुसरं काय करणार.

काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून काढलं. शाळेत शिकलेलं तेवढंच लेखी मराठी मला येत होतं, त्यामुळे ते असं झालं: “नमस्कार. आपण आमच्याकडून घेतलेल्या राष्ट्रध्वजाची तपासणी करावयाची असून, कृपया ध्वज उघडून काष्ठगुल्ली कोणत्या वर्णाच्या बाजूस आहे ते कळवावे.” काष्ठगुल्ली हा शब्द मी स्वतः तयार केला होता आणि मला तो चांगला वाटला होता.

पहिला फोन एका ग्रामसेवकाला लागला. मी कागद वाचून दाखवला. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि ते गृहस्थ मला वाटतं उभे राहून बोलायला लागले. तपासणी आहे हे त्यांना कळवलं गेलं नव्हतं, ध्वजस्तंभाला रंग देणं चालू आहे, चौथरा उद्या होईल, फोटो पाठवतो. मी म्हणाले तसं काही नाही, फक्त गुल्ली बघा. ते म्हणाले गुल्लीचाही फोटो पाठवतो, मॅडम, साहेबांना तेवढं सांगा. कोणत्या साहेबांना ते मी विचारलं नाही. अर्ध्या तासाने अकरा फोटो आले. त्यात चौथरा होता, वृक्षारोपण होतं, हातात झाडू घेतलेले चार जण होते, आणि सातव्या फोटोत गुल्ली होती, केशरी टोकाला.

दुसऱ्या फोनला एका शाळेने सगळा अहवाल दोन प्रतींत पाठवायची तयारी दाखवली. तोपर्यंत चहाची वेळ झाली होती आणि सगळ्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. कोणी पदर तोंडावर धरला होता, कोणी उघड हसत होतं. आक्का हसत नव्हत्या. त्या येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझ्यासमोरचा कागद उचलून पालथा घातला.

“बाळ, तू लई सरकारी बोलायलीस. लोकं भ्यायलेत. मायशी घरी कशी बोलतीस? तसं बोल.”

आईशी मी घरी लातूरचं बोलते. बाहेर कधी नाही. शाळेत तसं बोललं की पाच रुपये दंड होता. तिसरा फोन निलंगा तालुक्यातल्या एका शाळेच्या शिपायाच्या घरी होता आणि त्याच्या बायकोने उचलला. मी डोळे मिटले आणि म्हणाले, “मावशी, मी नांदेडहून बोलायले. तुमच्या शाळेचा झेंडा आमीच शिवलाव. त्याचं लाकूड जरा चुकीकडं बसलंय का, तेवढं बघायचं होतं.”

“आगं मग आधी सांगायचं की,” ती म्हणाली, जणू मी तासभर गप्प बसले होते. नवरा सोयाबीनवर फवारणीला गेला होता आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती, पण त्याने काही अडत नव्हतं, कारण झेंडा कपाटात नव्हताच. शाळेचं कपाट ओल धरतं म्हणून तो तिच्या घरी पेटीत होता, तिच्या लग्नातल्या शालूवर. तिने फोन तसाच ठेवला, पेटी उघडल्याचा आवाज आला, हात धुतल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, “केशरीकडं हाय गं लाकूड. अन् पोरी, नाजूक काम केलाव तुमी. कोण शिवतंय?”

मी आक्कांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्या उगाच टेबलावरची पिन उचलून डबीत टाकत होत्या.

त्यानंतर मला फोनची भीती राहिली नाही असं म्हणता येणार नाही, पण मजा यायला लागली. लातूरजवळच्या एका शाळेचे शिपाई म्हणाले की गुल्ली असो नसो, ते रंग बघूनच बांधतात, केशरी आभाळाकडं आणि हिरवा मातीकडं, हे त्यांना त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं. देगलूरकडच्या एका गावात एका आजोबांनी फोन उचलला आणि ते तेलुगूत बोलायला लागले. आमच्यातली कडा शिवणारी एक बाई तिकडची, तिने फोन घेतला आणि पंधरा मिनिटं सोडलाच नाही, कारण आजोबा तिच्या मावससासऱ्यांच्या ओळखीचे निघाले. गुल्लीचं विचारायचं ती विसरली. पुन्हा लावावा लागला. एका सरपंचबाईंनी मलाच कार्यक्रमाला बोलावलं, वर जेवायला काय चालतं तेही विचारलं. रोज संध्याकाळी व्यवस्थापक विचारायचे किती झाले, आणि मी आकडा सांगायचे. एकदा मी ‘एकोणीस’ म्हणून गेले. सोळातले एकोणीस कसे, म्हणून सगळ्यांनी मला पुढे दोन दिवस मोजायला लावलं. चहाचे कप सुद्धा.

पंधरा झेंडे नीट निघाले. उरला एक. बिलोली तालुक्यातली एक लहान शाळा, आणि तिचा नंबर पहिल्या दिवसापासून बंद. व्यवस्थापकांनी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं, दुसरा नंबर मिळाला नाही. सोळा तारीख उजाडली.

“पंधरा नीट निघाले,” व्यवस्थापक आक्कांना म्हणाले. “सोळावाही नीटच असणार.”

आक्कांनी सुई, पांढरा दोरा, लहान कात्री आणि एक धुतलेली चादर पिशवीत भरली. मग माझ्यापाशी आल्या.

“तू येतीस का? बिलोलीची पाटी वाचायला मला येती. पर शाळेतल्या मोठ्या बाईंशी बोलायला मी भिते.”

मला वाटतं मी आयुष्यात एवढी खूश फार कमी वेळा झाले असेन. माझ्यासारखी बाई भेटली होती, आणि ती आक्का होती.

एसटीत खिडकीची जागा त्यांनी मला दिली. मी ठरवलं होतं, नायगाव यायच्या आत सांगून टाकायचं. वाक्यही तयार होतं. पण आक्कांनी त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट सुरू केली, आणि ती मला मधेच तोडता येईना. सासरे तेव्हा लहान होते. निजामाच्या काळात गावात तिरंगा ठेवणं म्हणजे पोलीस उचलून नेणार. त्यामुळे गावात कोणी तो धड पाहिलेलाच नव्हता. सतरा सप्टेंबरची बातमी आली तशी गावकऱ्यांना झेंडा लावायचा होता, आणि झेंडा नव्हता. मग एकाचा भगवा पटका, एकाचं धोतर आणि पाटलीणबाईंच्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून तीन पट्टे केले. गावच्या शिंप्याने ते जोडले. आणि मग भांडण लागलं, कोणता रंग वर. अर्धं गाव म्हणे हिरवा, पीक वर येतं म्हणून. शेवटी वाद मिटेना तेव्हा पाटलीणबाई म्हणाल्या, लुगडं माझं गेलंय, माझा रंग वर. तसाच लावला.

“उलटा?” मी विचारलं.

“उलटा. अन् म्हातारे म्हणायचे, तसा झेंडा पुन्हा बघितला न्हाई. लई हसायचे सांगताना.” आक्काही हसत होत्या. मग म्हणाल्या, “त्यांना माफ हाय. त्यांना ठावं नव्हतं. मला ठावं हाय.”

नायगाव मागे गेलं. माझं वाक्य तसंच राहिलं.

बिलोलीहून रिक्षा, मग थोडं चालणं. दोन खोल्यांची शाळा, पुढे पटांगण, मधे नवा चुना दिलेला चौथरा. मुलं उद्याच्या लेझमीचा सराव करत होती. मुख्याध्यापिका बाईंचा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला होता आणि दुरुस्तीला बिलोलीला दिलेला होता. आम्ही नांदेडहून का आलो ते ऐकून त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. आधी पाणी, मग चहा, असं त्यांचं चाललं होतं. मी म्हणाले, “बाई, आधी झेंडा दाखवा.” माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी तो दोन्ही तळव्यांवर धरून आणला. पाकळ्या उद्या घालायच्या होत्या, घडी आमचीच होती, म्हणजे माझी. आक्कांनी हात धुतले, पुसले, घडी उघडली.

गुल्ली हिरव्या टोकाला होती.

पटांगणात मुलं लेझीम खेळत होती, तो आवाज चालूच राहिला. आक्कांनी गुल्ली जराशी फिरवली, जशी आपण कुलूप लागलंय का ते हलवून बघतो. “झालं बाळ,” त्या मला म्हणाल्या. “हा शेवटचा.” त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता.

मग त्यांनी व्हरांड्यात चादर पसरली. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून बाईंनी चार मुलींना बोलावलं आणि चार कोपरे धरायला दिले. लेझीम थांबली. मिनिटाभरात अख्खी शाळा व्हरांड्याभोवती होती. आक्का टाके उसवत होत्या आणि प्रश्न येत होते. आजी, हे मशीनवर करत न्हाईत का? आजी, किती झेंडे शिवलाव? दिल्लीचा पण तुमीच शिवलाव का? आजी, ह्याला धुतलं तर चालतंय का? आक्का प्रत्येकाला उत्तर देत होत्या. कोणीतरी चक्राचे आरे मोजायला घेतले आणि तेवीस म्हणालं. दुसऱ्याने पंचवीस सांगितले. मग सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजले, कोपरे धरलेल्या मुलींनीही, आणि त्या नादात झेंडा इतका हलला की आक्का म्हणाल्या, “चोवीस हायत रे, मी रोज बघते. हलवू नका, माझं बोट शिवलं जाईल.” एवढं हसू झालं की शेजारच्या घरातली म्हातारी बघायला आली.

दोरी फिरली, गुल्ली केशरी टोकाला गेली, दोन्हीकडे टाके बसले. दहा मिनिटं लागली असतील. आक्कांनी झेंडा उभा धरला आणि मी तो पाहिला, गुल्लीपासून खालच्या कडेपर्यंत, मग सूर्याकडे धरून चक्र. त्यांच्यासमोर, मान तिरकी करून. मुलांमधली पहिली रांग सवयीने सावधान उभी राहिली आणि मग बाकीचीही. बाईंना सांगावं लागलं की अरे आज नाही, उद्या.

आम्ही निघणार होतो. पण असं कोणी पाहुणं आलं आणि न बोलता गेलं, असं आमच्याकडे होत नाही. बाईंनी मुलांना रांगेत बसवलं, दोन खुर्च्या मांडल्या, शाल नव्हती म्हणून दोन नारळ आणले. ह्या आजींनी आपला झेंडा आपल्या हातांनी शिवलाय, असं त्यांनी सांगितलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांना काही बोला म्हणाल्या. आक्का उठल्या, पदर सारखा केला.

“पोरांनो, तुमचा झेंडा माझ्या हातून उलटा शिवला गेला. तीस वरसांत पहिल्यांदा. तुमच्या बाईंची चूक न्हाई, माझी हाय. म्हणून नीट करायला आले. आता मी हे काम सोडणार. तुमचा झेंडा माझा शेवटचा, तो जपून वापरा.”

मुलांनी यालाही टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं की वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत. आक्का त्या टाळ्यांत हसल्या आणि खुर्चीत बसल्या, आणि नारळ मांडीवर घेऊन त्यांनी मान खाली घातली.

“आता ह्या मॅडम दोन शब्द बोलतील,” बाई म्हणाल्या.

मी नाही म्हणायला हात हलवला. तो कोणी पाहिला नाही. सगळी पोरं माझ्याकडे तोंड वर करून बघत होती, शेजारची म्हातारीही, आणि आक्का तेवढ्या बघत नव्हत्या. मी उभी राहिले. माझ्याकडे कागद नव्हता. मी आईशी बोलते तसं बोलायला लागले.

“शिवणारा माणूस कधीतरी चुकतोच, म्हणून झेंडा बघायला अजून एक माणूस ठेवत्यात. तो माणूस मी हाय. आक्कांचा झेंडा उघडून बघायची मला लाज वाटली, म्हणून मी तो न बघताच तुमाला पाठवला. पोरांनो, चूक माझी हाय. अन् आक्का, तुमी काम सोडायचं न्हाई. उद्यापासून दोरी तुमी ओवायची, अन् तुमचा एकेक झेंडा मी तुमच्यासमोर उघडून बघणार.”